जावयाचा पिवळा सूट

नाना : नको, नको, धुऊ नकोस तो फवारणीचा सूट. असाच राहू दे. किती मळलाय बघ! बाह्या काळ्या, छाती काळी. आपण दिलेली वस्तू अशी रोज वापरलेली दिसली ना, की जेवल्यासारखं वाटतं.

रश्मी : नाना, आप भी ना! घाणेरडा कपडा बघून खूश होणारे तुम्ही पहिलेच. मम्मी याला गोठ्यातच टांगते. घरात आणूच देत नाही.

नाना : शहाणी आहे तुझी मम्मी. मुलगी कोणाची? मी कागद कारखान्यातून घरी यायचो, तेव्हा माझा रबरी एप्रन दाराबाहेर, बूट दाराबाहेर. तुझी आजी तर म्हणायची, तुम्हीपण जरा बाहेरच थांबा. कागद पांढरा करायचं औषध म्हणजे गंमत नव्हे. अंगावरचं विष घरात आणायचं नाही, हे सवितानं लहानपणीच पाहिलंय.

रश्मी : त्यासाठी नाही हो. याला केळीचा चीक लागलाय. दुसऱ्या कपड्यांना लागला तर डाग निघत नाही, म्हणून गोठ्यात.

नाना : चीक? कापसावर फवारताना केळीचा चीक कुठून आला?

रश्मी : फवारताना कुठे? फवारताना तर पापा सूट काढून ठेवतात.

नाना : काय करतात?

रश्मी : काढून ठेवतात. केळीचे घड कापायचे असले की घालतात. चिकाचा डाग जन्मभर जात नाही ना. औषधाचा डागच पडत नाही. पॅन्ट पाण्यातून काढली की एकदम साफ.

नाना : थांब बाळा. मी म्हातारा माणूस, मला हळूहळू सांग. केळी कापायला सूट.

रश्मी : हां.

नाना : आणि विष मारायला बनियन.

रश्मी : बनियन कशाला? गरमी किती असते! उघडेच.

नाना : वा. म्हणजे केळ्यांपासून बचाव झाला. चांगलं झालं. केळी फार चावतात.

रश्मी : तुम्ही टोमणा मारू राहिले ना?

नाना : नाही, मी शिकतोय. आता मास्क कुठे आहे? ते दोन डब्या लावलेला?

रश्मी : तो मम्मीकडे. कांदे कापताना लावते. एक बार भी रडत नाही आता. आत्या निंबोल्याहून आली होती, ती म्हणाली, मलाही असाच पाहिजे, तुझ्या वडिलांना सांग.

नाना : गॉगल?

रश्मी : तो मी होळीला घातला होता. फिर बाजूवाला गोटू ले गया, मोटारसायकलवर घालतो. म्हणतो, किडा जात नाही डोळ्यात.

नाना : गमबूट तरी?

रश्मी : एक गोठ्यात आहे. त्यात हात घालू नका, मांजरीने पिल्लं दिलीत.

नाना : आणि दुसरा?

रश्मी : दुसऱ्यात ती जाते, पिल्लांचा कंटाळा आला की.

नाना : देवा रे. म्हणजे घरात सगळे सुरक्षित आहेत. मांजर, आत्या, गोटूचे डोळे. एक माझा जावई सोडून.

रश्मी : नाना, एक बात बताऊँ? रागावू नका. पापा नाराज आहेत तुमच्यावर.

नाना : माझ्यावर? मी काय केलं?

रश्मी : धोंड्याचा महिना होता ना. सगळ्या जावयांना सासरवाडीहून बोलावणं आलं. गल्लीतल्या लोटूकाकांना त्यांच्या सासऱ्यांनी सोन्याची अंगठी दिली. पापांना तुम्ही पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारसे दिले, फिर वो बडा सा पुडकं दिलं. सगळे मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ राहिले. पापांनी पुडकं उघडलं. अंदर से गमबूट निकला.

नाना : चांगला गमबूट होता. इंदूरहून मागवला होता मी.

रश्मी : तो व्हिडिओ पूर्ण दापोऱ्यात फिरला. लोटूकाका अजून विचारतात, का रे जितेंद्र, पुढच्या धोंड्याला काय, नांगर का?

नाना : अगं पण मी उगाच दिला का तो? मागच्या वर्षी कापसावर फवारणी करून आले आणि उलट्या सुरू झाल्या. बुऱ्हाणपूरला नेऊन सलाइन लावावं लागलं. सवितानं फोनवर रडून रडून सांगितलं मला.

रश्मी : वो तो जलेबी से हुआ था.

नाना : कशाने?

रश्मी : मावा जिलेबी. त्या दिवशी पापांनी बाजारातून आणली होती. ते म्हणाले, मावा खराब होता. तेव्हापासून आपल्या घरात जिलेबी बंद. वाढदिवसालाही नाही. नाना, मैंने चार खाई थी. मम्मीने दोन खाल्ल्या. आम्हाला साधी ढेकर आली नाही.

नाना : हे तू घरात बोललीस?

रश्मी : बोलले ना. पापा म्हणाले, बायकांना पचते.

नाना : म्हणजे आता माझ्यासमोर दोन खटले आहेत. एक सुटाचा, एक जिलेबीचा.

रश्मी : तुम्ही पापांना रागवा. अभी आते ही होंगे. आज फवारणी आहे. ती बघा बाटली ओट्यावर. त्यावर लाल तिकोन आहे आणि खोपडी आहे.

नाना : मला नाही रागवता येत.

रश्मी : क्यों? ते तर तुमच्यापेक्षा छोटे आहेत.

नाना : वयाने लहान, मानाने मोठे. लग्नात मी त्यांचे पाय धुतलेत, तेही परातीत उभं करून, सगळ्या मांडवासमोर. ज्याचे पाय धुतले, त्याचा कान कसा धरायचा? आमच्यात रीत नाही.

रश्मी : मैंने तो पैर नहीं धोए.

नाना : नाही. तुला मोकळीक आहे.

जितेंद्र : राम राम मामा! कधी आले? सविता तर निंबोल्याला गेली माझ्या बहिणीकडे, संध्याकाळी येईल. रश्मी, नानांना चहा दिला का?

रश्मी : दिला. आणि सगळं सांगितलं.

जितेंद्र : काय सांगितलं?

रश्मी : मांजर, मास्क, सब.

नाना : बसा बापू, बसा. काही नाही, आम्ही आपल्या गप्पा मारतोय. हा पंप नवा दिसतो?

जितेंद्र : काल आणला. बॅटरीवाला. हात दुखायचं काम नाही. अजून औषध लागलं नाही त्याला. आज उद्घाटन. तुम्ही चांगल्या दिवशी आले, नारळ तुम्हीच फोडा.

रश्मी : पापा, सूट घालणार?

जितेंद्र : सूट कशाला? आज केळी कुठे कापायची आहे?

नाना : हं.

जितेंद्र : मामा, तुम्ही हं म्हटलं, म्हणजे मनात आहे काही. बोला ना. घरचेच आहात.

नाना : मी काय बोलू. तुमची शेती, तुमचा अनुभव.

जितेंद्र : तेच म्हणतो मी. हे बघा, मी हवेकडे पाठ करून चालतो. नोझल पुढे धरतो. औषध जातं कापसावर, मी राहतो मागे. माझ्या अंगाला काही लागतच नाही. लागलं असतं तर दिसलं असतं ना? चीक बघा. एक थेंब पडला की शर्ट बाद. ती असली खतरनाक चीज आहे.

नाना : म्हणजे दिसलं, तर मानाल?

जितेंद्र : दिसलं तर बिल्कुल मानेन. मी काही अडाणी नाही.

रश्मी : फिर शर्त लगाओ!

जितेंद्र : ए, नानांशी शर्त लावतात का?

नाना : लावू द्या. मलाही करमत नाही घरी, बुऱ्हाणपूरच्या लालबागला. बापू, पंप नवा आहे, विषाचा वास नाही त्याला. आज औषध जरा बाजूला ठेवा. पंपात साधं पाणी भरू आणि कपड्यांची नीळ टाकू. तुम्ही रोज मारता तसंच मारा. चार-पाच ओळी. अंगावर निळा ठिपका दिसला नाही, तर मी हरलो.

जितेंद्र : हरले तर?

नाना : तर अंगठी. लोटूच्या अंगठीपेक्षा जाड.

जितेंद्र : अरे! आणि ती पाटावर बसवून द्यायची. व्हिडिओ काढून.

नाना : ओवाळून देतो.

रश्मी : आणि पापा हरले तर हंगामभर फवारताना सूट. मास्कसहित. और जलेबी पे जो इल्जाम है, वो वापस.

जितेंद्र : जिलेबी कुठून आली यात?

रश्मी : ती शर्तीतच आहे. हो म्हणा.

जितेंद्र : हो बाई. घे. मी तर पांढरा शर्ट घालतो, तो देवळात जायचा. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की दिसलं नाही.

नाना : पांढरा घातलात तर उत्तमच. नीळच आहे, शर्टाला चांगलीच. रश्मी, नीळ कुठे ठेवते सविता? आण, पण मी कालवतो. तू लांब उभी राहा.

रश्मी : नाना, तुम्ही अख्खी पुडी टाकली!

नाना : जावयाच्या कामात हात आखडता घेऊ नये.

(कापसाच्या वावराचा बांध. जितेंद्र पाठीला पंप लावून ओळीत शिरला आहे. नाना आणि रश्मी बांधावर उभे.)

रश्मी : नाना, चालण्याची स्टाइल बघा. जैसे फौज में हैं.

नाना : अंगठी दिसतेय त्यांना समोर. वारा कुठला आहे गं?

रश्मी : तापीकडून. नाही, आता इकडून आला. आता परत तिकडून.

नाना : म्हणजे पाठ कोणाकडे करायची, हे वारा ठरवतो. तू रोज येतेस इथे?

रश्मी : शाळा नसली की. पापांना तहान लागते ना. मी याच दगडावर बसते, पाण्याची बाटली घेऊन.

नाना : औषध मारतात, तेव्हापण?

रश्मी : तेव्हाच तर जास्त तहान लागते.

नाना : हं.

रश्मी : आता मला हं करू नका. अरे, पंप बंद पडला! नाना, तुमची नीळ अडकली.

नाना : गाठी राहिल्या वाटतं. माझीच चूक, चाळून टाकायला पाहिजे होती. आता काय करतायत ते? मला इथून दिसत नाही.

रश्मी : जो हमेशा करते हैं. नोझल काढलं, झटकलं, फुंकर मारली. परत मारली. चालू झालं.

नाना : फुंकर? तोंडाने?

रश्मी : मग काय कानाने?

नाना : आणि हे रोजचं?

रश्मी : नोझल अडकलं की. गोटूचे पप्पाही असंच करतात. सब करते हैं. एकदा मी म्हटलं, पापा, सुई आणू का, तर म्हणाले, सुईने छेद मोठा होतो.

नाना : सुई नको, खरं आहे. जुना दातांचा ब्रश चालतो. पण ते नंतर. आता बघ, या ओळीतून परत येतायत. हसतायत का?

रश्मी : तोंड बंद ठेवून हसू राहिले.

जितेंद्र : घ्या मामा! झाल्या ओळी. कोरडा ठणठणीत माणूस तुमच्यासमोर उभा आहे. दे गं पाणी. अहाहा. काय वकीलबाई, तोंड का पाडलं? केस हरली ना?

रश्मी : आ! गाल नका ओढू! घ्या, तुमची बाटली मीच संपवते. नाना... नाना, पापांचे दात बघा!

नाना : बघतोय. पण जावयाच्या दातांवर मी बोलणार नाही.

जितेंद्र : काय झालं दातांना?

रश्मी : निळे! जीभ काढा. जीभ तर पूर्ण निळी! मिशीपण! पापा, तुम्ही शंकर भगवान झाले.

नाना : शंकरानं विष गळ्यात थांबवलं होतं, बाळा. यांनी वरून पाणी प्यायलं.

जितेंद्र : ते... ते नोझल अडकलं होतं. तुमच्याच निळीने. ते काही फवारणीत धरायचं नाही. अंगावरचं बोला. शर्ट बघा, शर्ट.

रश्मी : शर्टावर काय आहे मग हे?

जितेंद्र : घाम.

रश्मी : निळा घाम?

जितेंद्र : अगं, जुना शर्ट आहे, पहिल्यापासून बारीक डिझाइन असेल.

रश्मी : पॅन्टवर पण डिझाइन आहे. गुडघ्यापर्यंत. मागे वळा. मागे तर पूरा तापी नदीचा नकाशा आहे!

नाना : झाकणातून गळतोय पंप. दुकानदाराला दाखवा. पाठीवर ओलं लागतं, ते आपण घाम समजतो. बापू, एक विचारू? रागवणार नसाल तर.

जितेंद्र : विचारा.

नाना : मागच्या वर्षी उलट्या झाल्या, त्या दिवशी नोझल अडकलं होतं का?

जितेंद्र : नोझल तर रोजच अडकतं.

नाना : त्या दिवशी?

जितेंद्र : हां. त्या दिवशी फार अडकत होतं. दोन औषधं एकत्र केली होती, दूध फाटतं तशी झाली. सारखं फुंकावं लागलं.

रश्मी : जलेबी बाइज्जत बरी! नाना, जिलेबी सुटली! पापा, आत्ताच बुऱ्हाणपूरला चला.

जितेंद्र : थांब गं, कान नको खाऊ. ठीक आहे मामा. हरलो. शब्द दिला, तो पाळतो. पण खरं सांगू? एवढं तेवढं लागतं, ते चालतं. आपल्या अंगाला सवय झाली आहे. माझ्या बापाने मारलं, मी मारतो. आणि तो सूट म्हणजे भट्टी आहे. कारखान्यात वर छप्पर होतं तुमच्या. इथे ऊन बघा. औषधाने मरायचं ते मरू, पण आधी उकडून मरीन.

नाना : ते खोटं नाही. उकडतं. आम्हालाही उकडायचं, छपराखालीपण. आम्ही शिव्या देत घालायचो, आणि जेवणाच्या सुट्टीत हातमोज्यांतून घाम ओतायचो. म्हणून म्हणतो, पहाटे उजाडलं की मारा, ऊन चढलं की थांबा. उरलेलं दुसऱ्या दिवशी. कापूस काही पळून जात नाही.

जितेंद्र : उद्यापासून तसंच करतो. आजचं तेवढं असंच आटपतो. अळी पडली आहे मामा, दिवस घालवून नाही चालत. एका दिवसाने काय होणार आहे?

नाना : मी काय बोलणार, बापू.

जितेंद्र : तुम्ही नाराज नका होऊ. अंगठीपण नको मला. रश्मी, ओट्यावरची बाटली... इकडे बघ जरा. हे काय लागलं तुझ्या गालाला?

रश्मी : कुठे?

जितेंद्र : इथे. निळं आहे. दोन बोटं उमटली आहेत. मामा, हिला निळीत हात घालू दिला का?

नाना : नाही. नीळ मीच कालवली. ती लांब उभी होती.

रश्मी : पापा, तुम्हीच तर ओढला गाल.

जितेंद्र : पाणी पिताना?

रश्मी : हां. रोज ओढता. बाटली पण निळी झाली बघा, तुम्ही पकडली तिथे. मी त्याच्यानंतर प्यायले ना. माझे दात झाले का निळे? आऽऽ. बघा ना.

जितेंद्र : इकडे ये, उजेडात.

रश्मी : झाले का?

जितेंद्र : थोडे.

रश्मी : वाह! शाळेत दाखवते.

जितेंद्र : तोंड मीट. मामा, तो सूट गोठ्यातच आहे ना?

नाना : आहे. मी आत्ताच हातात घेऊन पाहिला.

जितेंद्र : मास्क?

नाना : कांद्यांजवळ.

जितेंद्र : आज नाही मारत औषध. उद्या पहाटे मारू. मामा, एक सांगा. हिच्या मापाचा मिळतो का असा?

नाना : नाही मिळत, बापू.

जितेंद्र : इंदूरलापण?

नाना : कुठेच नाही. लेकरू तिथे नसणारच, असं धरून शिवतात ते.

जितेंद्र : रश्मी, घरी जा. गाल धू. साबण लावून, दोनदा धू. चूळ भर. आणि उद्या इथे यायचं नाही.

रश्मी : मग तुम्हाला पाणी?

जितेंद्र : घरी येऊन पिईन.

रश्मी : एवढ्या लांब?

जितेंद्र : लांबच बरं.